पाल्यास घेऊन समक्ष भेटावे

सुचित्राबाईंनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, खाली पाहिलं, परत ठेवलं. हजेरीपट उचलला. खडूचा डबा सरकवला. शेवटी खुर्ची मागे लोटून टेबलाखाली वाकून पाहिलं.

"काय शोधताय, बाई?" चहाचा कप घेऊन आलेल्या गंगुबाईंनी दारातूनच विचारलं.

"इथं कार्डं होती गं. या कोपऱ्यात. सत्तावीस."

"ती होय? टाकली की पेटीत."

"टाकली?"

"मगाशीच. चहा आणायला खाली गेले तेव्हा." गंगुबाईंनी कप ठेवला. "डाव्या कोपऱ्यातली कार्डं म्हणजे टाकायची. तुम्हीच नाही का सांगितलेलं?"

सांगितलं होतं खरं. गंगुबाई शाळेत नव्यानं शिपाई म्हणून लागल्या, तेव्हा. त्याला तीस वर्षं झाली. मधल्या काळात सुचित्राबाई निवृत्त झाल्या, मुख्याध्यापक चार बदलले, खाली मसाला कुटायच्या डंकनांच्या जागी दोन मोबाइलची दुकानं आली. नियम मात्र कुणी रद्द केला नव्हता.

बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"चुकलं का काही?" गंगुबाई घाबरल्या.

"तुझं नाही. माझं." बाईंना एकाएकी हसू फुटलं. मग त्यांनी ते आवरलं. "अगं, ती गैरहजेरीची कार्डं होती. जुनी. छापलेली."

लालबागच्या त्या शाळेत एके काळी मूल सलग काही दिवस आलं नाही, की पालकांच्या नावे कार्ड जायचं. 'आपला पाल्य' पुढे मोकळी जागा, इयत्ता, तुकडी, 'दिनांक अमुकपासून शाळेत गैरहजर आहे. येत्या शनिवारी सकाळी साडेआठ वाजता पाल्यास घेऊन वर्गशिक्षकांना समक्ष भेटावे.' खाली सही. त्या कार्डांचा एक गठ्ठा बाईंना परवा कपाटात सापडला. सत्याण्णव सालच्या दहावी अच्या मुलांना चार ओळींचं निमंत्रण पाठवायचं होतं, तेव्हा बाईंनी ठरवलं, छापील मजकुरावर काट मारू आणि खाली हातानं लिहू. जुन्या रजिस्टरातून पत्ते उतरवले. नवी तिकिटं चिकटवली. पण पेन हातात आल्यावर मोकळ्या जागा मोकळ्या ठेवणं त्यांना जमेना. राहुल, दहावी, अ. सीमा, दहावी, अ. तारखेच्या जागी त्यांनी त्या वर्षीच्या निरोपसमारंभाचा दुसरा दिवस टाकला आणि एकट्याच खुदकन हसल्या. सगळ्यांवर सह्याही करून टाकल्या. काट मारायची आणि निमंत्रण लिहायचं तेवढं राहिलं होतं. ते चहा घेऊन करणार होत्या.

"म्हणजे आता ती कार्डं मुलांच्या आईबापांना जाणार?" गंगुबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पत्ता त्यांचाच आहे ना."

"बाई, पोरं पंचेचाळिशीची झाली असतील हो!"

"झाली असतील काय, झालीच आहेत."

हे सगळं करायची वेळ आली ती शनिवारच्या वाचनतासामुळे. तिसरीच्या वर्गातल्या बावीस मुलांना धड वाचता येत नव्हतं. करोनात बालवाडी बुडालेली, घरी पुस्तक नाही, काहींच्या घरी मराठीही नाही. निवृत्त झाल्यावर घरी बसून कंटाळलेल्या सुचित्राबाई ठाकूरद्वारहून दर शनिवारी यायच्या आणि तासभर मुलांना वाचायला बसवायच्या. पण एकेकाच्या शेजारी बसायचं म्हणजे एका मुलाच्या वाट्याला तीन मिनिटंसुद्धा यायची नाहीत. नूपुर नावाची एक मुलगी तर जूनपासून त्यांच्यासमोर एक अक्षर वाचायला तयार नव्हती. पुस्तक उघडलं की मान खाली, ओठ घट्ट.

मुख्याध्यापिका श्रेया मॅडम वाईट नव्हत्या. पण त्यांना एका कंपनीनं इंग्रजी संभाषणाचा मोफत वर्ग देऊ केला होता आणि वेळ शनिवार सकाळचीच मागितली होती.

"बाई, तुम्ही एकट्या बावीस जणांना किती पुरणार?" त्या म्हणाल्या होत्या. "माणसं मिळाली तर सांगा. दिवाळीपर्यंत थांबते. नाहीतर तो तास मी त्यांना देऊन टाकीन."

माणसं होती की! मागल्या वर्षी दहावी अचं स्नेहसंमेलन दादरच्या एका हॉलमध्ये झालं. बाईंना शाल, नारळ. शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र आणि एक भलं मोठं घड्याळ. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घड्याळ छान आहे रे. पण मला तुमचा एक तास हवाय. शनिवारचा." टाळ्या पडल्या. दोघांच्या डोळ्यांत पाणीही आलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बाईंनी तीनदा आठवण केली, तिन्ही वेळा अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. शनिवारी दारात कुणी उभं राहिलं नाही. बाई रागावल्या नाहीत. वर्गातला मुलगा बोर्डावरचं उतरवून घेत नसेल, तर आधी बोर्डावर उजेड चमकतोय का ते पाहावं, ही त्यांची सवय. म्हणून त्यांनी पत्रं लिहायची ठरवली. हातानं लिहिलेलं माणूस टाळत नाही.

आणि आता ही तऱ्हा.

मंगळवारी संध्याकाळी पहिला फोन आला. राहुलचा. शाळेत पहिल्या दोनांत असायचा, आता मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट बसवायचा त्याचा धंदा होता.

"बाई, आईकडे कार्ड आलंय."

"राहुल, अरे, ती एक गंमत झाली. म्हणजे चूक झाली."

"तेच मी सांगतोय तिला. बीडीडी चाळीच्या जुन्या पत्त्यावर टाकलेलं, पोस्टमननं नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर आणून दिलं. त्याच्यासमोर हिनं वाचून घेतलं शेजारणीकडून! मला फोन करून म्हणते, काय केलंस तू?"

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"काही उपयोग नाही. म्हणते, शाळा उगाच कार्ड पाठवत नसते. शनिवारी साडेआठला, तू पण यायचं. मला साइटवर लिफ्टच्या खोलीचा स्लॅब टाकायचाय, बाई!"

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "मी शनिवारी समक्ष माफी मागते त्यांची."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की 'येऊ नका' असं काही आपण म्हटलं नाही. मग उठून कुकर लावला. पुढे शुक्रवारपर्यंत आणखी आठ फोन आले. त्यांतही त्यांनी तेवढं एक वाक्य म्हटलं नाही.

शनिवारी सव्वाआठला गंगुबाई धावत वर आल्या.

"बाई, खाली रांग लागलीय!"

जिन्यावरून पहिले आले ते बुधाजी. कॉटन ग्रीनच्या चाळीतले, मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते, आता शहात्तरीचे. धोतर धुवट, सदऱ्याला इस्त्री, आणि मागे त्यांची मुलगी सीमा. बँकेत मॅनेजर. डोंबिवलीहून पहाटे उठून वडलांना घ्यायला आलेली. तिनं हसू दाबून धरलं होतं, पण खांदे हलत होते.

बुधाजींनी दारात चपला काढल्या. "बाईनूं, आमच्या चेडवान काय केल्यान?"

"काही नाही हो बुधाजी. बसा आधी."

"तिका घेवन इलंय. तुम्ही काय ता बोला. माझ्यासमोर बोला." मग आवाज खाली आणून, "पण आता ती मॅनेजर आसा. मारूक माका जमाचा नाय."

"बाबा!" सीमा म्हणाली.

"गप. बाईंच्या समोर तोंड वर करून बोलतंस?"

मग अजित आला. उंचापुरा, केस पिकलेले, रेल्वेच्या रिझर्व्हेशन काउंटरवरच्या माणसाचा असतो तसा चेहरा. बरोबर त्याची मोठी बहीण. "बाई, आईबाबा दोघं गेले. ताई पालक म्हणून चालेल का?" असं त्यानं इतक्या गंभीरपणे विचारलं, की मागची माणसं हसायची थांबली आणि ताईनं त्याच्या पाठीवर एक चापट मारली. "चालेल म्हणजे? गणितात नापास झालास तेव्हा सही कुणी केली होती?"

सत्तावीस कार्डांतली अकरा पोचली होती. अकरा पालक, अकरा पाल्य. तिसरीची बावीस मुलं बाकांवर अंग चोरून बसून हा सगळा प्रकार डोळे विस्फारून बघत होती. एवढी मोठी माणसं आईबाबांबरोबर शाळेत आलेली त्यांनी पाहिली नव्हती.

सगळ्यांत शेवटी मालनताई आल्या. राहुलची आई. पांढऱ्या साडीला बारीक निळा काठ, डोक्यावरून पदर, हातात ते कार्ड, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं. जिना चढून दम लागला होता, तरी त्या बसल्या नाहीत. दारात उभ्या राहून त्यांनी वर्ग पाहिला. फळा पाहिला. खिडक्या मोजाव्यात तशा एकेक पाहिल्या. मागे राहुल, एका हातात गाडीची किल्ली, कानाला फोन.

सुचित्राबाईंनी घसा साफ केला. माफीची चार वाक्यं त्यांनी रात्री पाठ केली होती.

"मालनताई, तुम्हाला सगळ्यांनाच मला एक सांगायचंय. ते कार्ड..."

"हाच वर्ग का, बाई?"

"अं? हो. दहावी अ इथंच बसायची."

"हा कुठं बसायचा?"

बाईंनी खिडकीजवळचा दुसरा बाक दाखवला. मालनताई तिथं गेल्या, बाकावर हात ठेवला, फिरवला.

"दहा वर्षं इथं होता," त्या म्हणाल्या. "मी कधी आलेच नाही. हॉस्पिटलात आया होते, ड्यूटी असायची. आमच्या चाळीतल्या बायकांना कार्डं यायची. पोरगं दांडी मारतं, पोरगं भांडतं. त्या रजा टाकून यायच्या. शिव्या घालत यायच्या, पण येऊन जायच्या. घरी गेल्यावर सांगायच्या, वर्ग असा आहे, बाई अशा आहेत." त्यांनी राहुलकडे पाहिलं. "हा एक दिवस गैरहजर राहिला नाही. तापात पण आला. मला कधी कार्डच आलं नाही."

राहुलनं फोन कानापासून खाली घेतला. कुणीतरी पलीकडून 'हॅलो, हॅलो' म्हणत होतं.

"मग आता म्हटलं, आलंय तर जावं," मालनताई म्हणाल्या आणि हसल्या. "काय सांगत होता तुम्ही, बाई? कार्डाचं?"

सुचित्राबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"कार्डाचं हे," त्या म्हणाल्या, "की आला आहात तर आता तासभर जायचं नाही. एकेकानं एक-दोन मुलांजवळ बसा. पुस्तकं बाकावर आहेत. मुलांनी वाचायचं, तुम्ही ऐकायचं."

"पालक पण?" अजितच्या ताईनं विचारलं.

"पालक पण."

मोठी माणसं लहान बाकांत शिरली. गुडघे आपटले, दोन बाक करकरले. सीमानं गोष्ट हातात घेतली आणि इतक्या सुंदर आवाजात वाचली, की शेजारची दोन मुलं गालावर हात ठेवून ऐकत राहिली. वाचलं मात्र तिनंच. अजित मुलाच्या प्रत्येक शब्दाला थांबवत होता, "पुन्हा. नीट बघ. पुन्हा," आणि मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला होता. बाई रांगांमधून फिरत होत्या. हरकत नाही, त्या स्वतःशी मान हलवत होत्या. पहिल्याच दिवशी कुणाला येतं?

खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर नूपुर होती. मान खाली, ओठ घट्ट. तिच्या शेजारी मालनताई बसल्या होत्या. सगळ्या वर्गात नेमकी हीच मुलगी, आणि तिच्याजवळ नेमक्या त्या, ज्यांनी कार्ड शेजारणीकडून वाचून घेतलं! बाई त्या बाकाकडे वळल्या.

मालनताईंनी पुस्तक उघडून हातभर लांब धरलं होतं आणि बोटानं एकेक अक्षर लावत होत्या.

"उं-द-रा-च्या... बि-ळा-त... ल..." बोट थांबलं. "ल..."

नूपुरनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. बोट पुढे सरकेना. तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी झटकन मान फिरवली आणि शेजारच्या बाकावरचं पुस्तक उगाच सरळ केलं.

"लख्ख," नूपुर पुटपुटली.

"काय गं?"

"लख्ख. ख ला ख चिकटलाय, आजी. हा बघा."

"असं होय? मला कुणी सांगितलंच नाही. हॉस्पिटलात मी वॉर्डाचे बोर्ड बरोबर वाचायचे, पण हे बारीक आहे. पुढं काय?"

"उजेड पडला." नूपुरनं पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. "थांबा, मीच दाखवते. उंदराच्या बिळात लख्ख उजेड पडला. आता तुम्ही."

"उंदराच्या बिळात लख्ख..."

"उजेड."

"उजेड पडला."

"हां. बरोबर. आता पुढचं मी."

बाई फळ्याजवळ गेल्या. फळा स्वच्छच होता. तरी त्यांनी डस्टर घेतलं आणि पाठ वर्गाकडे करून तो पुसायला लागल्या. चौतीस वर्षं शिकवलं आपण, त्या मनाशी म्हणत होत्या. चौतीस वर्षं. वाचता येणाऱ्या माणसासमोर मूल गप्प का बसतं, हे कधी सुचलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी मागे पाहिलं, तर बुधाजींच्या बाकावरही तेच चाललं होतं. "माका चष्मो नाय, तू वाच," असं म्हणून त्यांनी दोन मुलांना कामाला लावलं होतं. चष्मा त्यांच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत होता. सीमानं तो पाहिला. तिनं हळूच हातातलं पुस्तक मिटलं, आपल्या शेजारच्या मुलापुढे सरकवलं आणि म्हणाली, "मला पुढचं आठवत नाही. तू सांगतोस?"

दारात श्रेया मॅडम कधी येऊन उभ्या राहिल्या, ते कुणाला कळलं नाही. त्यांच्या हातात इंग्रजी वर्गवाल्यांची फाइल होती. त्या खूप वेळ आत बघत राहिल्या. मग बाईंच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "त्या लोकांना शुक्रवार चालतो का, विचारून बघते."

"चालेल त्यांना," बाई म्हणाल्या. "गोड बोलून विचार."

घंटा झाली. मुलं उठायला लागली. राहुल दारातून आत आला. त्यानं बाहेर उभं राहून साइटवरचे चार फोन संपवले होते.

"आई, चल. स्लॅबवाले थांबलेत."

मालनताईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "बाई, पुढच्या शनिवारी हीच वेळ का?"

"हीच."

"आई, पुढच्या शनिवारी मी पुण्याला आहे."

"जा की तू पुण्याला. मी बसनं येईन."

"या जिन्यावरून? तुझे गुडघे?"

"चढले ना आज?"

राहुलनं बाईंकडे पाहिलं, जणू दहावीतलं काही अडलेलं विचारायचं आहे. बाई खडूचा डबा बंद करत होत्या.

"चल ना आई," तो पुन्हा म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"थांब. दोन पानं राहिलीत. उंदीर अजून घरी पोचला नाही." मालनताई बाकावर जरा आत सरकल्या. "बस इथं."

राहुल उभा राहिला. मग किल्ली खिशात टाकून बसला. गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून तिरका झाला.

नूपुरनं त्याला खालून वर न्याहाळलं. कोट, घड्याळ, कानशिलांवरच्या पिकलेल्या केसांपर्यंत सगळं. मग पुस्तक तिघांच्या मधोमध सरकवलं.

"तुम्हाला पण वाचता येत नाही का, काका?"

राहुलनं आईकडे पाहिलं. ती पानावर बोट ठेवून वाट बघत होती.

"थोडं थोडं येतं," तो म्हणाला. "तू सुरू कर."